मदरवेलचं सीझन तिकीट: एका कोल्हापूरकराचा रिव्ह्यू

ग्लासगोच्या आसपास नोकरीला आलेली आपली पोरं पहिल्या थंडीतच विचारायला लागतात, दादा फुटबॉलचं सीझन तिकीट घ्यायचंय, ग्लासगोच्या दोन मोठ्या क्लबांपैकी सेल्टिकचं घेऊ का रेंजर्सचं. माझं उत्तर ठरलेलं, दोन्ही नको, मदरवेलचं घे. मग समोरचा एक तर गप्प होतो नाहीतर हसतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. २०२४-२५चा अख्खा सीझन काढून झालाय, तिकीट रिन्यू पण केलंय, काय मिळतं आणि काय मिळत नाय ते सांगतो. मध्ये मध्ये राजकारण येणार, त्याला इलाज नाय, स्कॉटलंडात या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगताच येत नाहीत.

आधी जागा. ग्लासगो सेंट्रलवरनं ट्रेन पकडली की अर्ध्या तासाच्या आत मदरवेल, आणि एअरबल्स स्टेशनला उतरलात तर ग्राउंड चालत जवळच. ग्राउंडचं नाव फर पार्क, साडेतेरा हजारांच्या आसपास सीटा, जुनं, चारी बाजूला चार वेगळ्या उंचीचे स्टँड. मेन स्टँड, म्हणजे आताचा फिल ओडॉनेल स्टँड, नीट बघा, एका टोकाला नुसता लोखंडी सांगाडा आहे आणि खाली सीटाच नाहीत. १९६०च्या दशकात बांधकाम चालू असताना शेजारच्या घरमालकानं हरकत घेतली, काम तिथंच थांबलं आणि आजतागायत ते तसंच आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, शेजाऱ्यानं हरकत घेतली म्हणून अर्धवट राहिलेलं बांधकाम आपल्याकडं प्रत्येक पेठेत एक तरी दाखवतो. आणि त्या स्टँडला पैसे कुठनं आले, तर इयन सेंट जॉन नावाचा गावचाच स्ट्रायकर १९६१ला ३७,५०० पौंडांना लिव्हरपूलला विकला त्यातनं. पोरगं घडवायचं, विकायचं आणि त्या पैशात छप्पर घालायचं हा इथला धंदा तेव्हापासूनचा आहे, पुढं परत येतो त्यावर.

आता लीग म्हणून हा माल कसा आहे. खरं सांगू का, वरच्या टोकाला फार खराब आहे. शेवटचं कधी सेल्टिक किंवा रेंजर्स सोडून तिसरं कोणी चॅम्पियन झालं माहितीय का, १९८५ला, अ‍ॅबर्डीन, आणि मॅनेजर कोण तर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. तेव्हापासून हे दोघंच. २०२४-२५ला सेल्टिकनं २६ एप्रिलला डंडी युनायटेडला त्यांच्याच घरात ५-० हाणून विषय संपवला, चार मॅच शिल्लक होत्या, शेवटी रेंजर्स १७ पॉइंट मागं. सेल्टिकची ५५वी लीग, म्हणजे रेंजर्सची बरोबरी. मार्चनंतर टेबलाच्या वरच्या भागाकडं कोणी बघत पण नव्हतं, त्या दोघांचे लोक सोडून, आणि ते पण एकमेकांना शिव्या द्यायला.

पण खालच्या बाजूला मजा लई आहे. १२ टीम, सगळे सगळ्यांशी तीनदा खेळणार, म्हणजे ३३ मॅच, मग टेबल मधोमध कापायचं, वरचे सहा वेगळे, खालचे सहा वेगळे, आणि आपापल्या गटात अजून पाच पाच मॅच. याला स्प्लिट म्हणतात. गंमत अशी की शेवटी सातव्या टीमचे पॉइंट सहाव्यापेक्षा जास्त झाले तरी ती सातवीच राहते. घरच्या मैदानावर १९ मॅच मिळायला पाहिजेत पण या कापाकापीत कधी १८ मिळतात कधी २०, त्यामुळं सीझन तिकीट घेताना एक मॅच इकडं तिकडं धरून चाला. शेवटचा नंबर थेट खालच्या डिव्हिजनमध्ये जातो, अकरावा वाचण्यासाठी प्लेऑफ खेळतो. यावेळी सेंट जॉनस्टन थेट गेले आणि रॉस काउंटी प्लेऑफमध्ये लिव्हिंगस्टनकडनं हरून गेले. एडिनबराच्या हिब्सचं तर बघा, डिसेंबरच्या सुरुवातीला तळाला होते, सगळे म्हणत होते मॅनेजर डेव्हिड ग्रेला हाकला, आणि सीझन संपला तेव्हा तिसरे. असं कुठल्या मोठ्या लीगमध्ये बघायला मिळतं सांगा.

आमचं काय झालं ते पण सांगतो. मदरवेलनं लीग कपची सेमीफायनल गाठली, ग्लासगोच्या हॅम्पडन स्टेडियमवर रेंजर्सविरुद्ध आधी गोल केला आमच्या अँडी हॅलिडेनं, आणि मग २-१ हरलो. जानेवारीत मॅनेजर स्टुअर्ट केटलवेलनं राजीनामा दिला. कारण काय तर घरच्या लोकांना होणारी शिवीगाळ. यावर इकडं लोकांची दोन मतं आहेत, मला एकच पटतं, टीमला बोला, सबस्टिट्यूशनला बोला, पण बायकापोरं स्टँडमध्ये बसलेली असताना जे बोललं गेलं ते आपल्याच लोकांनी बोललं आणि त्याची लाज वाटली पाहिजे. मालक आहोत म्हणून काय वाट्टेल ते बोलायचा परवाना मिळत नाय. हो, मालक. तोच तर मेन मुद्दा आहे, थांबा जरा.

मग आला ऑस्ट्रियाचा मायकल विमर, आणि १ मार्चला आम्ही आयब्रॉक्सला रेंजर्सना २-१ हरवलं. लीगमध्ये त्यांच्या घरात १९९७ नंतर पहिल्यांदा. शिट्टी वाजल्यावर माझ्या शेजारचे आजोबा ओरडले बिरडले नाहीत, नुसतं बोटांवर काहीतरी मोजत बसले, मग म्हणाले मागच्या वेळी जिंकलो तेव्हा माझा पोरगा शाळेत होता, आता त्याला टक्कल पडलंय. सीझनचा शेवट आठव्या नंबरवर, वरच्या सहात जायचं हुकलं. उन्हाळ्यात विमर जर्मनीला रेगेन्सबुर्गला गेला, त्याच्या जागी डेन्मार्कचा येन्स बर्थेल अस्कू आला, आणि ऑगस्टमध्ये आमचा पोरगा लेनन मिलर, अ‍ॅकॅडमीत वाढलेला, इटलीत उदिनेसेला विकला, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रक्कम घेऊन. १८ वर्षांचा पोरगा, मिडफिल्डमध्ये असा खेळायचा की बाकीचे घाईत आणि हा एकटा निवांत. वाईट वाटलं का, वाटलं. पण इयन सेंट जॉनचं सांगितलं ना वर, साठ वर्षांत काय बदललंय. आता त्या पैशात ते टोकाचं राहिलेलं छप्पर घाला म्हणावं.

आता राजकारण. इथं नवीन आलेल्या माणसाला कळत नाय की तुम्ही कुठल्या टीमचे हा प्रश्न इतका गुळगुळीत आवाजात का विचारतात. टॅक्सीवाला विचारतो, न्हावी विचारतो. उत्तरावरनं तुमचा धर्म, शाळा, युनियन जॅक का आयरिश तिरंगा, स्वतंत्र स्कॉटलंड पाहिजे का नको, सगळा हिशोब मनात मांडून होतो. सेल्टिक १८८७ला ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूनं ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीसाठी काढलेला क्लब, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा आणि ब्रिटनवाल्यांचा मानला जातो, तिथं १९८९ला मो जॉनस्टन या कॅथलिक खेळाडूला घेतला तर लोकांनी मफलर जाळले. मदरवेलचा आहे म्हटलं की टॅक्सीवाल्याचा हिशोबच बसत नाय, नुसती कीव केल्यासारखं आरशातनं बघतो. हा मदरवेलच्या सीझन तिकिटाचा पहिला फायदा समजा.

म्हणजे गावात राजकारण नाय असं नाय. उलट लई आहे. १९२२ला ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर पहिला खासदार वॉल्टन न्यूबोल्ड कुठनं निवडून गेला, मदरवेलमधनं. एसएनपीला, म्हणजे आज एडिनबरामध्ये सरकार चालवणाऱ्या पक्षाला, पहिली जागा कुठं मिळाली, १९४५च्या पोटनिवडणुकीत मदरवेललाच, रॉबर्ट मॅकिंटायर, तीन महिन्यांत गेली ती गोष्ट वेगळी. २०१४च्या सार्वमतात सगळ्या स्कॉटलंडनं ५५-४५नं स्वतंत्र व्हायला नाही म्हटलं पण हो म्हणणाऱ्या चार कौन्सिलमध्ये आमचं नॉर्थ लॅनार्कशायर होतं, ५१ टक्के. आणि जून २०२५ला शेजारच्या हॅमिल्टन-लार्कहॉलच्या पोटनिवडणुकीत लेबरनं एसएनपीची जागा घेतली, तिसऱ्या नंबरला फराजची रिफॉर्म पार्टी, आणि ती लांबची तिसरी नव्हे, पाठोपाठची. म्हणजे एका स्टँडमध्ये तिन्हीचे मतदार बसलेत. माझ्या रांगेत तर नक्कीच बसलेत, मी ऐकलंय. पण मॅच चालू असताना त्यावर भांडण झालेलं मला आठवत नाय, भांडण होतं ते लेफ्ट बॅकवरनं.

झेंड्यांच्या राजकारणाबद्दल माझं मत थोडं गुंतागुंतीचं आहे. २०१६ला सेल्टिकच्या ग्रीन ब्रिगेड या कट्टर फॅन गटानं इस्रायलच्या हापोएल बेर शेवाविरुद्धच्या मॅचला पॅलेस्टाइनचे झेंडे लावले, युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, दंड केला, तर दंडाच्या रकमेइतके पैसे गोळा करू म्हणून सुरुवात करून लोकांनी १,७०,००० पौंडांच्या वर जमवले आणि पॅलेस्टाइनमधल्या मदतकार्याला दिले. हे मला मनापासून आवडलं, तुमचं मत काही असो, खिशात हात घालून केलेलं राजकारण आहे ते. पण सेल्टिक आणि रेंजर्सच्या याच दोन गर्दीतनं शंभर वर्षांपूर्वीच्या आयर्लंडच्या मारामारीची गाणी दर शनिवारी ऐकू येतात, दोन्ही बाजूंनी, त्यात बिचाऱ्या आजच्या कुठल्या माणसाचं काय भलं होतं ते मला कळलेलं नाय. २०१२ला सरकारनं फुटबॉलमधल्या द्वेषाच्या वागण्याविरुद्ध खास कायदा आणला. हेतू चांगला, पण गाण्यावर गुन्हा ठरवायचा कसा, पोलिस कॅमेरे घेऊन पोरांच्या मागं, सगळ्या क्लबांचे फॅन एकत्र आले ते या एका गोष्टीवर, आणि मार्च २०१८ला पार्लमेंटनं ६२-६० मतांनी तो कायदा रद्द केला. दोन मतांनी. एवढ्या चुरशीचा निकाल इकडं फुटबॉलमध्ये पण क्वचित मिळतो.

दारूचं पण राजकारणच. १९८०च्या स्कॉटिश कप फायनलला सेल्टिक आणि रेंजर्सच्या लोकांनी मैदानात उतरून मारामाऱ्या केल्या, घोडेस्वार पोलिस आणावे लागले, तेव्हापासून फुटबॉलच्या स्टँडमध्ये दारू बंद. त्याच देशातल्या लोकांनी एडिनबराच्या मरेफील्डला रग्बी बघायला जावं, हातात बिअरचा ग्लास घेऊन निवांत बसावं, कोणी काही बोलत नाय. रग्बी कोण बघतं आणि फुटबॉल कोण बघतं हे ज्याला कळलं त्याला स्कॉटलंडची जातव्यवस्था कळली. मला स्वतःला ड्राय स्टँडची काही अडचण नाय, शाहू स्टेडियमवर वाढलेल्याला भेळ पुरते, पण न्याय म्हणून बघितलं तर पटत नाय.

आता मेन मुद्दा, ज्यासाठी हे तिकीट घ्या म्हणतोय. मदरवेल क्लब फॅन्सच्या मालकीचा आहे. २००२ला क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला, खेळाडू काढून टाकावे लागले, मग हळूहळू लोकांनी वेल सोसायटी नावाची संस्था उभी केली आणि २०१६ला आधीच्या मालकानं बहुमताचे शेअर सोसायटीला एका पौंडाला दिले. तुम्ही महिन्याला काही पौंड भरायचे, सभासद व्हायचं, एक सभासद एक मत. हे वाचून ज्याच्या डोळ्यासमोर साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा आली नाय तो कोल्हापूरचा नव्हे. मंडप, मागच्या बाजूला चहा, स्टेजवर अध्यक्ष ताळेबंद वाचतोय आणि तिसऱ्या रांगेतनं कोणीतरी उठून विचारतोय ते ऊसतोडीच्या अ‍ॅडव्हान्सचं काय झालं. फरक एवढाच की इथं ओरडण्याआधी हात वर करतात.

२०२४ला याची खरी परीक्षा झाली. एरिक बार्मॅक नावाचा अमेरिकन, आधी नेटफ्लिक्समध्ये मोठ्या पदावर होता, पैसे घालायला तयार झाला, पण त्या बदल्यात सोसायटीचा हिस्सा ७१ टक्क्यांवरनं ४६वर येणार होता, म्हणजे बहुमत गेलं. क्लबचं एक्झिक्युटिव्ह बोर्ड बाजूनं, सोसायटीचं बोर्ड विरोधात. म्हणजे सत्ताधारी पॅनेल आणि विरोधी पॅनेल, एकदम ओळखीचं दृश्य. महिनाभर पबमध्ये, ट्रेनमध्ये, खाण्याच्या रांगेत दुसरा विषय नव्हता, ज्या माणसांनी आयुष्यात कधी शेअरहोल्डिंग हा शब्द उच्चारला नसेल ती माणसं मला टक्क्यांचा हिशोब समजावत होती. जुलैमध्ये मतदान झालं आणि सभासदांनी नाही म्हणून सांगितलं. मी पण नाही म्हटलं. पैसे नको होते का, पाहिजे होते, छप्पर गळतंय. पण शेजारच्या हॅमिल्टनकडं बघा, तिथली टीम २०२५ला गाव सोडून कंबरनॉल्डला खेळायला गेली, वर पॉइंट कापले गेले, खालच्या डिव्हिजनमध्ये घसरले, आणि लोकांना कोणी विचारलं पण नाय. आमच्यात निदान विचारतात. एडिनबराच्या हार्ट्स क्लबवाल्यांनी मधला रस्ता काढला, तिथं पण फॅन्सचीच मालकी आहे, त्यांनी २०२५ला ब्रायटन क्लबच्या मालकाकडनं, टोनी ब्लूमकडनं, जवळपास एक कोटी पौंड घेतले पण मतदानाचा हक्क नसलेल्या शेअरवर. हुशार लोक. आमच्याकडं असा प्रस्ताव आला असता तर मी हो म्हटलं असतं, खोटं कशाला बोला.

यात एक टाटाची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाय. मदरवेल म्हणजे स्टीलचं गाव, टीमचं टोपणनावच स्टीलमेन. रेवन्सक्रेगचा प्रचंड कारखाना १९९२ला बंद पडला, हजारो लोक घरी बसले, त्याचा राग इथं अजून आहे आणि तो ब्रिटिश सरकारवर आहे, ज्याला स्कॉटलंडचं राजकारण समजून घ्यायचंय त्यानं त्या रिकाम्या जागेवर एक चक्कर मारावी. त्यातनं वाचली ती डॅलझेलची प्लेट मिल, आणि २००७ला टाटांनी कोरस ही स्टील कंपनी विकत घेतल्यावर ती झाली टाटांची. २०१५ला टाटांनी डॅलझेल आणि क्लाइडब्रिज हे दोन्ही कारखाने बंद करायचं जाहीर केलं, २७० नोकऱ्या, मग स्कॉटिश सरकारनं मध्ये पडून २०१६ला दोन्ही टाटांकडनं घेऊन त्याच दिवशी लिबर्टी हाउस या कंपनीला दिले. माझ्या मागच्या रांगेतला एक जण त्या मिलमध्ये होता. मी भारतातनं आलोय कळल्यावर पहिला प्रश्न त्यानं काय विचारावा, तू टाटाच्या गावचा का. मी म्हटलं नाय बाबा, टाटाचं ऑफिस मुंबईत, मी तिथनं पावणेचारशे किलोमीटरवरचा. तो म्हणाला मग ठीक आहे, बस. त्यानंतर सगळा सीझन पोलो मिंट तोच देतोय.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडच्या पोरांना हे तिकीट जास्त भावेल असं मला वाटतं त्याचं कारण पण तेच. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात, नगरसेवक पॅव्हेलियनमध्ये, बक्षिसाची रक्कम कोणाच्या नावानं जाहीर होते त्यावरनं महापालिकेची हवा कळते. फुटबॉल म्हणजे गल्ली, गल्ली म्हणजे राजकारण, हे आपल्याला शिकवावं लागत नाय. मुंबई-पुण्याच्या पोरांना मॅन्चेस्टर सिटी बघून सवय असते, त्यांना फर पार्कचा खेळ कधी कधी रांगडा वाटेल, बॉल हवेत जास्त आणि जमिनीवर कमी. २०२५ला आलेल्या डॅनिश मॅनेजरनं मागनं पास देत खेळायला सुरुवात केली, गोलकीपरच्या पायात बॉल आला की आमचा स्टँड श्वास रोखतो, म्हातारे तर डोळे मिटतात.

खाणं. याला मी पाचपैकी चार देईन. स्कॉच पाय, इंग्रजीतला pie, म्हणजे मटणाचा खिमा, मिरपूड सढळ हातानं, कडकडीत गरम पाण्यात मळलेल्या पिठाचं कवच, आणि वरची कड झाकणापेक्षा बोटभर उंच असते त्यात सॉस ओतायचा. पहिला घास कडेनं घ्या, मधनं घेतलात तर गरम चरबी हनुवटीवरनं जॅकेटवर, आणि ते डाग धुतल्यानं जात नाहीत. शाकाहारी लोकांसाठी मॅकरोनी पाय, म्हणजे त्याच कवचात चीज-मॅकरोनी, पिठात पीठ, ऐकायला विचित्र पण दोन डिग्रीत उभं राहिल्यावर अमृत लागतं. हाफटाइमच्या दहा मिनिटं आधी उठा, नाहीतर मॅकरोनी संपलेलं असतं. बोव्हरिल नावाचं गरम पेय मिळतं ते सूप समजून घेऊ नका, तो बीफचा अर्क आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांना चालणार नाय. चहा ठीक. चहा ठीक म्हणजे गरम असतो.

आता तक्रारी, म्हणजे सगळं गोड गोड लिहिलं असं नको. पहिली व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची पद्धत. स्कॉटलंडात ऑक्टोबर २०२२ला आलं, तेव्हापासून गोल झाला की आनंद करायच्या आधी माणूस रेफरीच्या कानाकडं बघतो. स्टँडमध्ये बसलेल्याला काय तपासतायत ते कळतच नाय, तीन-चार मिनिटं नुसतं थंडीत उभं. आणि एवढं करून चुकायचं ते चुकतातच, डिसेंबर २०२४च्या लीग कप फायनलला रेंजर्सला पेनल्टी द्यायला हवी होती हे नंतर रेफरींच्या प्रमुखानंच कबूल केलं, तोपर्यंत कप सेल्टिकच्या कपाटात. मी रेंजर्सचा कैवारी नाय पण चूक ती चूक.

दुसरी तक्रार टीव्हीची. शनिवारी दुपारी तीनची मॅच ब्रिटनमध्ये लाइव्ह दाखवायला बंदी आहे, लोकांनी ग्राउंडवर जावं म्हणून जुना नियम. म्हणजे मी फ्लू होऊन मदरवेलमध्येच घरात पडलोय तर मला रेडिओ, आणि माझा भाऊ कोल्हापुरात रात्री साडेआठला जेवता जेवता क्लबच्या परदेशी स्ट्रीमवर मॅच बघतोय आणि मला गोलचे मेसेज पाठवतोय. याला काय म्हणायचं. आणि ज्या मॅच टीव्हीला जातात त्या मग रविवारी बाराला नाहीतर कधी पण, अ‍ॅबर्डीनला दुपारी बाराला पोचायचं म्हणजे अंधारात घर सोडायचं.

तिसरी तक्रार ग्राउंडच्या बाहेरची. एका मॅचला मी ज्या बसनं गेलो ती कंपनी कुठली ते सांगत नाय, मॅच सुटल्यावर परतीची बस आलीच नाय, अ‍ॅपवर येतेय येतेय दाखवत राहिली, शेवटी पावसात चालत स्टेशन गाठलं. तेव्हापासून ट्रेनच. एका दुसऱ्या ग्राउंडवर, मदरवेल नव्हे, गेटवरच्या माणसानं माझ्या डब्यातल्या थालीपीठाकडं असं बघितलं जणू त्यात सुतळी बॉम्ब आहे, वास घेतला, साहेबाला बोलावलं, साहेबानं वास घेतला. शेवटी सोडलं. फर पार्कला हे कधी झालं नाय, उलट पुढच्या वेळी त्या पोलो मिंटवाल्यानं दोन मागून खाल्ली.

सेल्टिक किंवा रेंजर्स आले की साउथ स्टँड पूर्ण त्यांचा असतो आणि आवाज पण त्यांचाच. काही लोकांना ते आवडत नाय, आपल्या घरात पाहुणे जास्त. पैशासाठी करावं लागतं, कळतं, पण ज्या दिवशी त्या स्टँडचं तोंड आपण गोल करून बंद करतो त्या दिवशी हे सगळं सहन केल्याचं चीज होतं. बाकी स्कॉटिश फुटबॉलमध्ये चमत्कार होतात, फक्त लीगमध्ये होत नाहीत. मे २०२५ला सेल्टिक तिन्ही कप घ्यायला निघालं होतं आणि स्कॉटिश कप फायनलला अ‍ॅबर्डीननं पेनल्टीवर हरवलं, त्यांचा १९९०नंतरचा पहिला स्कॉटिश कप. मी अ‍ॅबर्डीनचा कोणी लागत नाय तरी सोफ्यावरनं उठून ओरडलो, बायको म्हणाली आता हे कोण.

तर रेटिंग. खेळ पाचपैकी अडीच, मिलर गेल्यावर दोन म्हणणार होतो पण आयब्रॉक्सचा अर्धा ठेवतो. लोक साडेचार. सोय तीन. मालकी पाच. किंमत ग्लासगोच्या दोन मोठ्यांपेक्षा कमीच पडते आणि तिथं सीझन तिकिटासाठी नंबर लावून बसावं लागतं, इथं तुम्ही आज ठरवलंत तर पुढच्या शनिवारी सीटवर.

घेणार असाल तर फिल ओडॉनेल स्टँडच्या त्या अर्धवट टोकाला सीट घेऊ नका, वारा तिकडनंच येतो. मधली किंवा वरची रांग बघा, खालच्या रांगांना पाऊस आडवा लागतो, छप्पर असून. आत थर्मल, वर रेनकोट, छत्री नेऊ नका, मागचा माणूस बोलतो आणि बरोबर बोलतो. आणि तिकिटाबरोबर सोसायटीचा फॉर्म पण भरून टाका, सभेला मला एका बाजूला कोणीतरी पाहिजे, मागच्या वेळी मिलरच्या पैशाचं काय करणार विचारायला हात वर केला तर माझ्या आधी सात जण होते.